मशीनगन म्हणजे नेमकं काय? एका शब्दाची झडती

बातमीत वाक्य होतं: ‘जवानाने मशीनगनमधून एक गोळी झाडली.’ मी तेव्हा एका मराठी दैनिकात रात्रपाळीला उपसंपादक होतो. ‘मशिनगन’चं ‘मशीनगन’ केलं, शि दीर्घ केल्याचं समाधान मानलं आणि पान सोडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. पलीकडे सातारा जिल्ह्यातले एक निवृत्त सुभेदार.

“साहेब, रागावू नका. पण मशीनगनमधून एक गोळी म्हणजे टँकर लावून तुळशीला पाणी घातल्यासारखं झालं. आणि फोटोत त्या पोराच्या हातात आहे ती एसएलआर रायफल आहे.”

“सुभेदारसाहेब, गोळी दोन्हीतून सुटतेच ना?”

“सायकलीला चाकं असतात, एसटीलाही असतात.”

त्यांचं बरोबर होतं, आणि चूक माझ्या एकट्याची नव्हती. ‘गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसे’ हे आपले गुन्हेवार्ताहर झोपेतही बिनचूक लिहितात. कट्ट्यापेक्षा मोठं काही समोर आलं की मात्र मशीनगन, स्टेनगन, कार्बाइन, एके-४७ हे शब्द पत्त्यांसारखे पिसले जातात आणि हाताला लागेल तो पत्ता टाकला जातो. वाचकाचंही फारसं अडत नाही. भराभर गोळ्या सुटतात ती मशीनगन, एवढ्यावर भागतं. पण ‘भराभर’ हा या शब्दाचा गाभा नाही. गाभा वेगळ्याच प्रश्नात आहे: एक गोळी सुटल्यावर दुसरी भरायचं काम कोण करतं?

दिवाळीतली टिकल्यांची बंदूक आठवा. रोलवाली. लाल कागदाची बारीक गुंडाळी, तिच्यावर दारूचे ठिपके. पत्र्याचं झाकण उघडून गुंडाळी आत बसवायची, टोक वर ओढून घ्यायचं आणि चाप दाबायचा. दाबताना बोटाला जाणवायचं की आत काहीतरी सरकतंय. रोल एक ठिपका पुढे येतो, हातोडी मागे जाते, सुटते, फट्! पुन्हा दाबा, पुन्हा फट्. संध्याकाळपर्यंत पहिलं बोट दुखायला लागायचं आणि त्याला दारूचा वास यायचा. बोट दुखायचं, कारण सगळं काम बोटच करत होतं. रोल सरकवणं, हातोडी उचलणं, सोडणं, सगळं.

आता अशी कल्पना करा की टिकली फुटण्याच्या धक्क्यानंच रोल पुढे सरकला, त्याच धक्क्यानं हातोडी मागे गेली आणि तुमचं बोट चापावर तसंच राहिलं म्हणून ती पुन्हा सुटली. मग पुढची टिकली, मग त्याच्या पुढची. बोट नुसतं टेकलेलं. रोल संपेपर्यंत किंवा बोट उचलेपर्यंत फट्फट्फट्फट्. ही झाली मशीनगन. ‘मशीन’ या शब्दाचा हक्क इथे आहे. माणसाच्या हातचं काम यंत्रानं घेतलं आहे, आणि त्या यंत्राला लागणारी ताकद आधीची गोळी पुरवते आहे. माळ लावण्याशी याची तुलना नेहमी केली जाते, पण लवंगी माळ एकदा पेटली की कुणाच्या बापाला थांबत नाही. मशीनगन बोट उचललं की थांबते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कायद्यात लागणार आहे.

खऱ्या हत्यारात हे असं घडतं. चाप ओढला की पिन काडतुसाच्या बुडावर आपटते, आतली दारू पेटते, वायू फुगतो आणि गोळी नळीतून पुढे पळते. जितक्या जोरात ती पुढे जाते तितकाच रेटा मागे येतो. साध्या बंदुकीत तो रेटा खांद्याला बसतो आणि वाया जातो. मशीनगनमध्ये तो रेटा, किंवा नळीतून काढून घेतलेला थोडा वायू, आतला बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता तुकडा, मागे ढकलतो. बोल्ट मागे जाताना रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकतो आणि मागची स्प्रिंग दाबून धरतो. स्प्रिंग त्याला पुन्हा पुढे हाणते. पुढे येताना तो मॅगझिनमधलं, म्हणजे गोळ्यांच्या डबीतलं, किंवा पट्ट्यातलं नवं काडतूस नळीत बसवतो आणि बंद होतो. चाप अजून दाबलेला आहे? मग पुन्हा पिन. हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागात. विमानावरच्या आणि हेलिकॉप्टरवरच्या काही गन हे काम विजेच्या मोटारीवर करतात, पण पायदळाच्या हातात जे असतं ते गोळीच्याच जोरावर चालतं.

सुभेदारांची एसएलआर यातलं अर्धं काम करते. एसएलआर म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल, स्वतःच भरून घेणारी. पुंगळी फेकणं, नवं काडतूस बसवणं हे ती स्वतः करते, पण पिन सोडत नाही. त्यासाठी चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो. एका ओढीला एक गोळी. तिच्या आधीची .३०३ रायफल यातलं काहीच करत नाही. दर गोळीला बोल्टची मूठ उचला, मागे ओढा, पुढे ढकला, खाली पाडा. म्हणजे .३०३ हाताची, एसएलआर अर्धस्वयंचलित, मशीनगन पूर्ण स्वयंचलित. मराठी बातम्यांत ‘स्वयंचलित पिस्तूल’ म्हणून जे सापडतं ते जवळपास नेहमी अर्धस्वयंचलित असतं. इंग्रजीतही त्याला सैल बोलीत ऑटोमॅटिकच म्हणतात, म्हणून आपण तसंच उचललं.

कायदा काय म्हणतो ते पाहण्यासारखं आहे, कारण कायदा लिहिणाऱ्यांनी हा पेच फार हुशारीनं सोडवलाय. भारताच्या १९५९च्या शस्त्र अधिनियमात ‘प्रतिबंधित शस्त्र’ची व्याख्या आहे. साध्या मराठीत तिचा अर्थ असा: चाप दाबला असता, तो दाब काढेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामं होईपर्यंत गोळ्या सुटत राहतील अशा तऱ्हेनं बनवलेलं किंवा तसं बदलून घेतलेलं अग्निशस्त्र. व्याख्येच्या या भागात ‘मशीनगन’ हा शब्द नाही. वेग किती, नळी किती लांब, तिपाई आहे की नाही, काही नाही. नुसतं बोट आणि चाप. बोट दाबलेलं असेपर्यंत सुटत राहतं का? मग ते बंद खान्यातलं. ‘बदलून घेतलेलं’ हेही महत्त्वाचं, कारण अर्धस्वयंचलित हत्यारात खटपट करून ते पूर्ण स्वयंचलित करण्याचे उद्योग जगभर होतात.

या व्याख्येत एके-४७ आरामात बसते. म्हणजे तिला मशीनगन म्हणणारा वार्ताहर अगदीच चुकला नाही? इथे सुभेदार नाराज होतील. वकील एकच प्रश्न विचारतो, सैनिक दुसरा विचारतो. सैनिकाचा प्रश्न असा: हे हत्यार किती वेळ मारा चालू ठेवू शकतं, आणि कशासाठी?

हा प्रश्न उष्णतेचा आहे. प्रत्येक गोळी नळीला तापवते. रायफलीची नळी हलकी असते, दिवसभर खांद्यावर वागवायची असते. ती सलग फैरींना टिकत नाही. तापून अचूकपणा जातो, हात लावायची सोय राहत नाही. मशीनगनची नळी जाड असते आणि बहुतेक वेळा मैदानातच बदलता येते. गनरचा जोडीदार दुसरी नळी घेऊन शेजारी असतो. गोळ्या बहुधा मॅगझिनमधून नाही तर लांब पट्ट्यातून येतात. हत्यार दोन पायांवर किंवा तिपाईवर बसतं, म्हणजे हलत नाही. आणि तिचं काम एका माणसाला टिपणं नसतं. एखादा उतार, एखादा पूल, एखादी वाट गोळ्यांनी अशी झाकून टाकायची की समोरच्याला डोकं वर काढता येऊ नये आणि तेवढ्यात आपल्या पोरांनी पुढे सरकावं. मारण्याइतकंच दाबून ठेवण्याचं हत्यार. म्हणून सैनिक नुसतं मशीनगन म्हणतही नाही. तो एलएमजी म्हणतो, एमएमजी म्हणतो, एचएमजी म्हणतो. हलकी, मध्यम, जड. हलकी एकजण उचलून पळू शकतो. मध्यम म्हणजे तिपाईवरची, आपल्याकडे ७.६२ मिमीची मूळ बेल्जियन बनावटीची मॅग बरीच वर्षं हे काम करते आहे, ती कानपूरच्या कारखान्यात तयार होते. जड म्हणजे १२.७ मिमी, वाहनावर बसवलेली. मार्च २०२० मध्ये भारतानं इस्रायलशी १६,४७९ नेगेव्ह गनचा करार केला तो हलक्या मशीनगनचा, एलएमजीचा होता.

या हिशेबानं एके-४७ रायफल ठरते. असॉल्ट रायफल, म्हणजे हल्ल्याची रायफल. हे नाव दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी १९४४ मध्ये आपल्या एका हत्याराला दिलेल्या नावाचं सरळ भाषांतर आहे. एरवी एकेक गोळी, वेळ पडली तर झडी, आणि एक माणूस, एक खांदा. २६/११च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी ज्याची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली ते हेच हत्यार. कायद्याच्या खान्यात ते मशीनगनच्या शेजारी बसतं, सैनिकाच्या खान्यात ते रायफलींत बसतं. दोन्ही बरोबर. बातमीत मात्र सरळ ‘एके-४७ रायफल’ लिहावं, कारण तिचं नाव आता मशीनगनपेक्षाही ओळखीचं झालंय.

वेगाच्या आकड्यांचा एक घोळ इथेच मिटवून टाकू. ‘मिनिटाला ६०० गोळ्या झाडणारी एके-४७’ हे वाक्य तुम्ही शंभर वेळा वाचलं असेल. खरं आहे, आणि तसं म्हटलं तर खोटं आहे. ६०० हा आतल्या यंत्राचा वेग आहे. गाडीच्या काट्यावर २०० लिहिलेलं असतं तसा. एके-४७च्या नेहमीच्या मॅगझिनमध्ये ३० गोळ्या असतात. सेकंदाला दहा या वेगानं ते तीन सेकंदांत रिकामं होतं. मग मॅगझिन काढा, दुसरं लावा, कडी ओढा. म्हणून जाणता माणूस कधी सलग ओढत नाही. दोन-तीन गोळ्यांचा बर्स्ट, थांबणं, पुन्हा बर्स्ट. सिनेमातला नायक एका हातानं मिनिटभर गोळ्या झाडतो तेव्हा मॅगझिन कुठे गेलं हे विचारायचं नसतं.

आता ‘सबमशीनगन’. नाव ऐकून वाटतं की मशीनगनची काहीतरी दुय्यम आवृत्ती असावी, आणि तसंच आहे. हा शब्द अमेरिकेत थॉम्पसन गनसाठी पुढे आला. रायफलीचं दणकट काडतूस न घेता पिस्तुलाचं छोटं काडतूस घ्यायचं आणि मशीनगनसारखं उडवायचं. पल्ला कमी, वजन आटोपशीर, घराघरांतल्या आणि खंदकांतल्या जवळच्या लढाईला बरं. थॉम्पसनचंच लाडाचं नाव टॉमीगन.

हा फरक जितका तांत्रिक वाटतो तितका तो नाही. १० जुलै १९४४, इटली, टायबर नदीचं वरचं खोरं. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधले नाईक यशवंत घाडगे, रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे, वय २२, आपली तुकडी घेऊन पुढे निघाले आणि अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला. तुकडीतले सगळे पडले, कुणी मेले, कुणी जखमी झाले. घाडगे एकटे उरले. ते थांबले नाहीत. मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले, हातबॉम्ब फेकून गन आणि गनर दोन्ही गार केले. ठाण्यातला आणखी एक टॉमीगननं टिपला. आणि तिथे गोळ्या संपल्या. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. त्यांनी टॉमीगन नळीकडून उलटी धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्यानं ठोकून संपवलं. मग आडोशाच्या शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

एकाच प्रसंगात दोन्ही शब्द आपापल्या जागी उभे आहेत. समोर मशीनगन: जमिनीवर ठाण मांडलेली, तीन-चार माणसांची, अख्खी तुकडी आडवी करणारी. हातात सबमशीनगन: एका माणसाची, मूठभर गोळ्यांची, आणि त्या संपल्या की काठी.

शब्दाच्या कुळाकडे वळतो, कारण इथे मला स्वतःला फार मजा येते. बंदूक हा शब्द अरबी ‘बुंदुक’वरून आला. बुंदुक म्हणजे एका झाडाचं टणक गोल फळ. त्यावरून गोटी, गोटीवरून छर्रा, आणि छर्रा फेकणाऱ्या नळीलाच ते नाव चिकटलं. तोफ आली तुर्कीतून. तिथे ‘तोप’ म्हणजे गोळा, आजही तुर्कीत चेंडूला तोच शब्द. म्हणजे आपल्या दोन्ही जुन्या शब्दांत हत्याराला नाव मिळालं ते त्यातून सुटणाऱ्या वस्तूचं. रशियन माणूस मशीनगनला ‘पुलेम्योत’ म्हणतो, गोळी-फेकू. फ्रेंच ‘मित्रायोझ’ आणि गोव्यात राज्य करून गेलेल्या पोर्तुगीजांचं ‘मेत्राल्यादोरा’ हे दोन्ही शब्द तोफेत भरायच्या बारीक छर्ऱ्यांवरून आलेत. इंग्रजांनी आणि जर्मनांनी मात्र गोळीला सोडून यंत्राला नाव दिलं. आपण इंग्रजांकडून घेतलं, म्हणून आपल्याकडेही मशीन.

आणि ‘गन’? ती बाई आहे. गुन्हिल्ड हे जुनं स्कँडिनेव्हियन स्त्रीनाम, ज्याच्या दोन्ही तुकड्यांचा अर्थ लढाई. चौदाव्या शतकात विंडसरच्या किल्ल्यातल्या शस्त्रांच्या यादीत दगड-बाण फेकणाऱ्या एका प्रचंड यंत्राचं नाव ‘गुनिल्डा बाईसाहेब’ अशा अर्थाचं नोंदलेलं आहे. त्या नावाचं लहान रूप पुढे सगळ्याच नळीवाल्या हत्यारांना लागलं, असं शब्दांचा इतिहास सांगणारे मानतात. जंजिऱ्यावर कलाल बांगडी पाहिलेल्या, दौलताबादला मेंढा तोफेवर हात फिरवलेल्या माणसाला यात नवल वाटायला नको. मोठ्या हत्याराचं बारसं केल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही.

जनक कोण, यावर थोडा वाद घालता येतो. अमेरिकेतल्या रिचर्ड गॅटलिंगनं १८६२ मध्ये पेटंट घेतलेल्या गनला अनेक नळ्या होत्या आणि बाजूला हँडल. हँडल फिरवलं की एकेक नळी पुढे येऊन उडायची. उसाच्या चरकासारखंच म्हणा. फिरवणारा थांबला की सगळं थांबलं. वेग होता, पण काम माणसाच्या हाताचंच. आपल्या टिकलीच्या कसोटीवर ती नापास होते. एका सैनिकानं शंभरांचं काम केलं तर फौजा लहान होतील आणि माणसं कमी मरतील, असं आपल्या मनात होतं, हे गॅटलिंगनं पुढे एका पत्रात लिहून ठेवलंय.

कसोटीला उतरली ती हायरम मॅक्सिमची गन. हा मूळचा अमेरिकेतल्या मेन राज्याचा, कारखाना लंडनमध्ये, साल १८८४. रायफलीचा खांद्याला बसणारा धक्का फुकट का घालवायचा, एवढीच त्याची कल्पना. तो धक्का त्यानं कामाला लावला. कापडी पट्ट्यात गोळ्या, मिनिटाला ६००चा वेग, आणि नळीभोवती पाण्याचं पिंप. सलग मारा झाला की पाणी उकळून वाफ व्हायची, आणि गनरच्या साथीदाराला दारूगोळ्याइतकीच पाण्याची काळजी. युरोपी सत्तांनी ती आधी आफ्रिकेत वापरली. २ सप्टेंबर १८९८ला सुदानमधल्या ओमदुर्मानला एका सकाळीत दहा हजारांच्या आसपास सुदानी पडले, समोरच्या ब्रिटिश-इजिप्शियन फौजेतले पन्नासच्या आसपास. तेव्हा लंडनला यात काही वावगं वाटलं नाही. मग १ जुलै १९१६ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत जर्मनांच्या मशीनगनी आणि तोफा ब्रिटिशांसमोर होत्या, आणि त्या एका दिवसात ब्रिटिशांचे ५७,४७० जण मेले, जायबंदी झाले, बेपत्ता झाले वा पकडले गेले. त्यांतले १९,२४० मेले. हत्यार तेच होतं, फक्त आता नळीच्या पुढच्या बाजूला ते स्वतः उभे होते.

आपल्याकडे हा शब्द सर्वात जास्त चुकीचा वापरला जातो तो एका जागी: जालियनवाला बाग. ‘डायरने मशीनगनने निःशस्त्र जमाव भाजून काढला’ हे मी शालेय भाषणांत ऐकलंय, लेखांत वाचलंय, एकदा स्वतः छापलंयही. १३ एप्रिल १९१९ला बागेत गोळ्या झाडल्या त्या रायफलींनी. ५० सैनिक, हातात .३०३, प्रत्येक गोळीला बोल्ट मागेपुढे. सुमारे दहा मिनिटं. १,६५० गोळ्या. भागाकार केला तर माणशी ३३. म्हणजे दर वीसेक सेकंदांना एक, हातानं भरून, नेम धरून. सरकारनं मान्य केलेला मृतांचा आकडा ३७९, आणि तो कमी असल्याचं तेव्हापासून सांगितलं जातंय.

मशीनगनी तिथे नव्हत्या असं मात्र नाही. डायरनं दोन चिलखती गाड्या आणल्या होत्या, त्यांवर मशीनगनी होत्या. बागेत जायची बोळ इतकी अरुंद की गाड्या आत शिरल्या नाहीत. पुढे चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीसमोर मुंबईचे नामांकित वकील सर चिमणलाल सेटलवाड यांनी डायरला नेमकं हेच विचारलं: बोळ रुंद असती, गाड्या आत गेल्या असत्या, तर मशीनगनी चालवल्या असत्या का? बहुधा हो, असं उत्तर आलं. कागदावरच्या वेगानं त्या दोन गनी १,६५० गोळ्या दोन मिनिटांच्या आत संपवतात. तेव्हा भाषणात ‘मशीनगन’ म्हणणाऱ्याला वाटतं की आपण डायरचा गुन्हा मोठा करून सांगतोय. उलट आहे. मशीनगन म्हटलं की दोष यंत्राकडे थोडा सरकतो. रायफल म्हटलं की पन्नास माणसं दहा मिनिटं पुन्हा पुन्हा बोल्ट ओढताना दिसतात, आणि मागे उभा राहून जिथे गर्दी दाट तिकडे बोट दाखवणारा एक दिसतो.

उरलेले पत्ते पटापट. ‘स्टेनगन’मधलं स्टेन हे तीन नावांचं कडबोळं: शेपर्ड आणि टर्पिन या दोघांची पहिली अक्षरं आणि एनफिल्ड कारखान्याची पहिली दोन. १९४१ची, युद्धाच्या घाईत पत्रे-नळ्या जोडून केलेली, ९ मिमीची सबमशीनगन. ‘ब्रेनगन’चा मेंदूशी संबंध नाही, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातलं ब्रनो शहर आणि पुन्हा तेच एनफिल्ड. ती हलकी मशीनगन, वर वाकडं मॅगझिन लावलेली. आपल्या फौजेनं ती ७.६२च्या काडतुसासाठी बदलून घेऊन पुढेही वापरली. ‘कार्बाइन’ मुळात घोडेस्वारांची आखूड बंदूक, पण आपल्याकडे पोलीस आणि लष्कर वर्षानुवर्षं ज्याला कार्बाइन म्हणतात ती ९ मिमीची, मूळ इंग्लंडच्या स्टर्लिंगची, जातीनं सबमशीनगनच. स्टर्लिंगलाही स्टेनसारखं डाव्या अंगाला आडवं मॅगझिन असतं, म्हणून बातमीदाराला ती स्टेनगन वाटते. मंत्र्यामागच्या पोलिसाच्या हातात ती दिसली की निम्मे पेपर स्टेनगन छापायचे, निम्मे कार्बाइन, आणि एखादा मशीनगन.

मराठीत हा शब्द कसा वागतो? स्त्रीलिंगी, बंदुकीच्या आणि तोफेच्या ओळीत. अनेकवचन करताना लोक ‘मशीनगन्स’ करतात. मला पेन्सिली, मोटारी यांच्या चालीवर ‘मशीनगनी’ बरं वाटतं, पण यावर कुणाशी भांडायला जाणार नाही. ‘यांत्रिक बंदूक’ असा प्रतिशब्द लोकांनी चालवून पाहिला. अर्थानं तो चोख आहे, आणि कुणी वापरत नाही. क्रियापदांकडे मात्र लक्ष द्यावं. बंदूक झाडतात, तोफ डागतात, मशीनगनचा मारा करतात. ‘फैर’ हा इंग्रजी ‘फायर’चाच मराठी संसारात रुळलेला अवतार, पण मुळात तो अनेक बंदुकांच्या एकदम बाराला शोभतो, एकाच मशीनगनच्या झोडीला ‘झड’ किंवा सैनिकांचा ‘बर्स्ट’ चांगला. बडबड्या माणसाला आपण हल्ली ‘मशीनगन सुरू झाली’ म्हणतो. याआधी तोंडाचा पट्टा सुटायचा. तरुण सहकाऱ्याला वाटत होतं की हा गोळ्यांचा पट्टा. नव्हे, तो दांडपट्ट्यातला पट्टा, म्हणून तो ‘चालवतात’.

राहिला आवाज. काश्मीरची एक बातमी होती. वार्ताहरानं मथळ्यातच ‘मशीनगन धडधडल्या’ लिहिलं होतं आणि खाली मजकुरात ‘तडतडल्या’. दोन्हीतलं एक ठेवायचं होतं. त्या सुभेदारांचा नंबर मी जपून ठेवला होता. रात्रीचे साडेनऊ झाले होते, ते जेवून अंगणात बसले होते.

“सुभेदारसाहेब, मशीनगन धडधडते की तडतडते?”

“कुठं उभं राहून ऐकताय?”

मला प्रश्न कळला नाही. मग त्यांनी सावकाश सांगितलं. गोळी आवाजापेक्षा जोरात पळते. ती तुमच्या जवळून जाते तेव्हा हवा फाटते, त्याची ‘तड’ होते, चाबकासारखी. नळीतून निघालेला ‘धड’ मागून रमतगमत येतो. नळीच्या पुढे असाल तर आधी तड, मग धड. दोन्हींमधल्या अंतरावरून गन किती लांब आहे याचा अंदाज घ्यायला भरतीनंतर शिकवतात. गनच्या मागे असाल तर धडधडच. “आणि तड ऐकू आली,” ते म्हणाले, “म्हणजे ती गोळी गेली. तिची भीती नाही.”

“मग मी काय लिहू?”

“तुमचा माणूस कुठं होता ते विचारा.”

आमचा माणूस पुण्यात होता. मी ‘गोळीबार केला’ असं लिहिलं आणि पान सोडलं.